जिप्सीतली मोटार आणि हरवलेला सेंटर

इलेक्ट्रिक केलेल्या मारुती जिप्सीच्या बेल हाउसिंगचं, म्हणजे गिअरबॉक्सच्या पुढच्या घंटेसारख्या कवचाचं, खालचं पत्र्याचं झाकण काढून मी आत बोट फिरवलं. बाहेर आलं तेव्हा नखापर्यंत तांबूस भुकटी लागली होती. विटकरी रंगाची, मैद्याइतकी बारीक, किंचित तेलकट. पावसाचे दिवस होते, म्हणून ड्रायव्हर म्हणाला, "गंज असंल साहेब. आंबा घाटातला पाऊस हाय ह्यो."

गंजच होता, पण पावसाचा नव्हे. स्टीलचे दोन भाग एकमेकांवर घट्ट बसलेले दिसतात, पण भार आला की केसभर सरकतात, भार गेला की परत येतात. त्या सरकण्यातून लोखंडाचे कण सुटतात आणि सुटल्या सुटल्या गंजतात. त्याची ही भुकटी. मोटार आणि गिअरबॉक्स यांच्या मधला हब, म्हणजे दोघांना जोडणारा तुकडा, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या स्प्लाइन, म्हणजे त्यावरचे लांबट दाते, खात होता, आणि गाडी चालू होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. अंतर कापलं होतं ३४० किलोमीटर.

इलेक्ट्रिक रूपांतर म्हटलं की लोक बॅटरी विचारतात, रेंज विचारतात, चार्जिंगला किती तास ते विचारतात. मोटार बसवणं हे चार बोल्टांचं काम आहे असंच सगळे धरून चालतात. या गाडीपर्यंत मीही तसंच धरून चाललो होतो, म्हणून हे प्रकरण चुकांसकट लिहितोय.

गाडी, रान आणि चढ

आंबा घाटाच्या अलीकडे, शाहूवाडी तालुक्यात, कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यापासून थोडं आत एका गृहस्थांचं डोंगरउतारावरचं रान आहे. वर पाहुण्यांसाठी सहा खोल्या. पाहुण्यांनी आपल्या गाड्या खाली फाटकाशी लावायच्या आणि पुढचे ९०० मीटर मालकांच्या जिप्सीतून यायचं. रस्ता खासगी, जांभ्याचा, कच्चा. शेवटचे अडीचशे मीटर सहाला एक असा चढ.

जिप्सी २००३ सालची, कापडी टपाची, १.३ लिटर पेट्रोल इंजिनाची. दिवसाला वीस फेऱ्या, म्हणजे छत्तीस किलोमीटर, तेही सगळे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. इंजिन गरम व्हायच्या आत फेरी संपायची आणि पेट्रोल मात्र घाट चढल्यासारखं जायचं. मालकांची खरी तक्रार आवाजाची होती. पहाटे पक्षी बघायला आलेली माणसं, आणि खालून ही गुरगुरत येणार. एप्रिल २०२३ मध्ये लष्कराच्या कमांडर परिषदेत इलेक्ट्रिक केलेली जिप्सी दाखवली गेली होती. ती बातमी कापून खिशात घालूनच ते माझ्याकडे आले.

कायद्याचा मुद्दा आधीच स्पष्ट केला. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार आरसीवर नोंदलेला तपशील बदलेल असा फेरफार मालकाला मनाने करता येत नाही. सार्वजनिक रस्त्यावर रूपांतरित गाडी चालवायची तर एआयएस-१२३ या वाहन मानकाच्या भाग ३ प्रमाणे मंजूर झालेलं किट, तेही त्या मॉडेलसाठी मंजूर झालेलं, अधिकृत माणसाकडून बसवून घ्यावं लागतं. ती मंजुरी पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेकडून येते, आणि मग आरटीओत आरसीवर नोंद. एका गाडीसाठी गॅरेजात घडवलेला जोड त्यात बसत नाही. ही गाडी फाटकाबाहेर जाणार नव्हती. तिची १५ वर्षांची नोंदणी २०१८ मध्येच संपली होती आणि ती पुन्हा घ्यायची नव्हती. मालकांनी आरसी आरटीओत जमा करून नोंदणी रद्द करून घेतली, तेव्हाच मी पाना हातात घेतला. रस्त्यावरच्या गाडीसाठी हा लेख वाचून कोणी उद्योग करणार असेल, तर थांबावं.

मोटार किती मोठी हवी याचा हिशेब खडूने झाला. मागचं एकच चाक जॅकवर घेऊन दुसरीकडचं जमिनीला टेकवून ठेवलं असतं तर डिफरन्शियलने आकडा दुप्पट-निमपट केला असता, म्हणून दोन्ही उचलली आणि दोन्ही बरोबर फिरतील असं बघितलं. इंजिनाच्या पुलीवर खडूची रेघ, चाकावर एक रेघ. दुसऱ्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्याला पुली पावणेअकरा वेळा फिरली, पहिल्यात वीस वेळा. जमिनीपासून चाकाच्या मध्यापर्यंतची उंची ३२ सेंटिमीटर. ड्रायव्हर आणि सहा माणसं धरून वजन दीड टन. सहाला एक चढावर नुसतं वर ढकलायला साधारण २,४०० न्यूटन, कच्च्या रस्त्याचे ३०० वेगळे. म्हणजे चाकांवर ८७० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर), आणि दुसऱ्या गिअरमध्ये गिअरचे तोटे धरून मोटारीवर ९०. ताशी २० किलोमीटरने चढायचं तर मोटारीचे फेरे मिनिटाला पावणेअठराशेच्या आसपास, ताकद १७ किलोवॉट. तो टप्पा पाऊण मिनिटात संपतो. सतत १५ किलोवॉट देणारी, थोड्या वेळासाठी दुपटीच्या आसपास जाणारी ९६ व्होल्टची एसी इंडक्शन मोटार पुरेशी होती.

डीसी सिरीज मोटार स्वस्तात मिळत होती, फोर्कलिफ्टमधून निघालेली. ती नाकारली. सिरीज मोटारीवरचा भार अचानक सुटला तर तिचे फेरे वाढतच जातात, आणि तेव्हा या गाडीला क्लच होता, चालवणारा माणूस वीस वर्षं क्लचवर पाय ठेवून गाडी चालवत आलेला. चढावर एकदा जरी त्याने क्लच दाबला आणि दुसरा पाय ॲक्सिलरेटरवर राहिला, तर आर्मेचरच्या, म्हणजे मोटारीच्या फिरत्या भागाच्या, चिंध्या. एसी मोटारीत फेऱ्यांची मर्यादा मोटारीला वीज पुरवणारा कंट्रोलरच पाळतो.

जिप्सीत एक सोय अशी आहे की ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी, गिअरबॉक्सला चिकटलेली नसते. मधे एक आखूड प्रॉपेलर शाफ्ट असतो. त्यामुळे गिअरबॉक्सच काढून टाकायची, मोटार चेसिसवर बांधायची आणि त्या आखूड शाफ्टला थेट जोडायची असाही एक मार्ग होता. आज कोणी विचारलं तर मी त्याच मार्गाचा आधी विचार करीन. तेव्हा मात्र मालकांचा आग्रह होता की गाडी 'गाडीसारखी' चालली पाहिजे, गिअर पडले पाहिजेत. आणि मलाही वाटलं, गिअरबॉक्स आहेच तर ठेवू, एक प्लेट मारली की झालं.

एक प्लेट मारली की झालं

मोटारीच्या तोंडावर तिची स्वतःची बोल्टांची मांडणी असते, बेल हाउसिंगच्या तोंडावर इंजिनाची. दोन्हींच्या मधे ॲल्युमिनियमची जाड प्लेट टाकायची, एका बाजूने मोटार, दुसऱ्या बाजूने गिअरबॉक्स. मोटारीचा शाफ्ट २८ मिलिमीटरचा, त्यावर ८ मिलिमीटरची 'की', म्हणजे खाचेत बसणारी पोलादी पट्टी. गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट स्प्लाइनचा. दोघांना जोडायला हब.

मी काय केलं ते सांगतो. बेल हाउसिंगच्या तोंडाला ऑइल लावून त्यावर जाड पुठ्ठा दाबला, छाप घेतला, भोकं पाडली. त्या पुठ्ठ्यावरून २० मिलिमीटर प्लेट कापून घेतली. सेंटर, म्हणजे दोन्ही शाफ्ट एका रेषेत आणणारा मध्य, काढला तो शाफ्टच्या टोकावरून. पुठ्ठ्यात शाफ्टएवढं भोक पाडून तो शाफ्टवर सरकवला आणि तिथून मोजलं. हब करताना जुन्या क्लच प्लेटचा स्प्लाइनचा मधला भाग कापून काढला आणि एमएसच्या (साध्या पोलादाच्या) टर्न केलेल्या तुकड्याला वेल्ड केला. मोटारीच्या शाफ्टवर तो की आणि दोन ग्रब स्क्रूंनी (बिनडोक्याच्या छोट्या स्क्रूंनी) धरला. क्लच नाही, फ्लायव्हील नाही. मोटारीला आयडलिंग लागत नाही, मग क्लच कशाला, हा माझा युक्तिवाद. मालक गिअर मागत होते, पण चालता चालता बदलायचे नव्हतेच. खाली उभं असताना दुसरा टाकला की वर जाऊन खाली येईपर्यंत तोच.

दरम्यान मालकांनी इंजिन विकून टाकलं. चालू इंजिन होतं, कराडच्या एका जिप्सीवाल्याने रोख पैसे मोजले. मला आनंदच झाला, गॅरेजातली जागा मोकळी झाली.

गाडी चालली. पहिल्या दिवशी सगळे इतके खूश होते की चढावर येणाऱ्या घुं आवाजाला कोणी महत्त्व दिलं नाही. आवाज सोळाशे फेऱ्यांपासून सुरू व्हायचा, अठराशेला भरात यायचा, बरोब्बर चढावरच्या वेगाला. इंजिनाच्या गाडीत तो ऐकूही आला नसता. दुसऱ्या आठवड्यात गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलमधून तेल पाझरायला लागलं. सील बदललं. चार दिवसांनी पुन्हा पाझरलं. सील दोनदा जातं तेव्हा दोष सीलचा नसतो हे कोणताही मेकॅनिक सांगेल. मला ते उमजायला तांबूस भुकटी नखाला लागावी लागली.

जोड उतरवला. हबच्या स्प्लाइनला एका अंगाने चमक, दुसऱ्या अंगाला गंजाची पुटं. ग्रब स्क्रूंनी मोटारीच्या शाफ्टवर चंद्रकोरी कोरल्या होत्या आणि की हातानेच किंचित हलत होती. इनपुट शाफ्ट फिरवून पाहिला तर पुढच्या बेअरिंगमध्ये खडखड.

"सेंटर कशावरनं काढला?"

शिवाजी उद्यमनगरात माझं लेथचं काम एका मिस्त्रींकडे असतं. पासष्टी ओलांडलेले, ऑइल इंजिनांच्या जमान्यातले. कोल्हापूरच्या फौंड्र्या आणि ऑइल इंजिनांनी या गल्ल्यांत जी पिढी घडवली त्यातले. प्लेट, हब आणि मोटार त्यांच्या बाकावर मांडली. त्यांनी हब उचलला, चष्मा कपाळावर सरकवला, वेल्डिंगवर अंगठा फिरवला.

"सेंटर कशावरनं काढला, सर?"

"इनपुट शाफ्टवरून."

त्यांनी मान वर केली. "शाफ्टचं नाक हलतंय की. ते इंजिनात टेकतंय म्हणून सरळ ऱ्हातंय. तुमी इंजिन काडलं, मग नाक धरलं कुणी?"

कुणीच नाही, हे उत्तर होतं. गिअरबॉक्स गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेली असते त्या गाडीत इनपुट शाफ्टचं मागचं टोक गिअरबॉक्सच्या बेअरिंगमध्ये असतं आणि पुढचं नाक क्रॅन्कशाफ्टच्या पोटातल्या छोट्या पायलट बेअरिंगमध्ये. शाफ्ट दोन टोकांना धरलेला असतो. इंजिन काढलं की पुढचं टोक अधांतरी. मी त्या अधांतरी टोकावरून पुठ्ठ्यात सेंटर काढला होता. बोटाने दाबला तरी दिसेल इतकं ते टोक हलत होतं.

"बरं, इंजिन कुठाय?"

"विकलं मालकांनी."

"इकलं? मग आता सेंटर काय माझ्या डोस्क्यावरनं काढायचा?"

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण सगळं प्रकरण या वाक्यावर फिरतं. इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांना बोल्टांनी आवळलेले असतात, पण बोल्ट त्यांना मध्यावर आणत नाहीत. बोल्टांची भोकं सैलच असतात. मध्यावर आणतात त्या दोन डॉवेल पिन. कारखान्यात ब्लॉकमध्ये क्रॅन्कची लाइन बोअर होते आणि त्याच लाइनवरून पिनांची जागा ठरते. गिअरबॉक्सच्या बाजूलाही तसंच. म्हणून कोणतंही इंजिन कोणत्याही त्याच जातीच्या गिअरबॉक्सवर चढतं आणि शाफ्ट मध्यावर येतो. तेव्हा इंजिनासोबत फक्त जुनं लोखंड विकलं गेलं नव्हतं, सेंटरचा पुरावा विकला गेला होता. आणि त्याबरोबर दुसरीही एक गोष्ट, खोली. ब्लॉकच्या तोंडापासून फ्लायव्हील बसते त्या फ्लॅंजपर्यंतचं अंतर. त्यावर क्लच प्लेट कुठे येणार, नाक पायलटमध्ये किती शिरणार, क्लच दाबणाऱ्या रिलीज बेअरिंगला किती हलायला जागा मिळणार हे सगळं ठरतं. तो आकडा मी पाठ केलेला नाही, आता प्रत्येक गाडीवर आधी मोजतो आणि गॅरेजच्या दारावर खडूने लिहून ठेवतो.

एवढ्याशा फरकाने काय होतं, असा प्रश्न मला मालकांनी विचारला. समजा मोटारीचा मध्य आणि गिअरबॉक्सचा मध्य यांत पाव मिलिमीटरचा, फार तर तीन दशांशाचा फरक आहे, दोन-तीन कागद एकावर एक ठेवले तर होईल तेवढा. दोन्ही शाफ्ट कडक जोडले की प्रत्येक फेऱ्याला इनपुट शाफ्ट तेवढा वाकून परत येतो. ३,००० फेऱ्यांवर तासाला १ लाख ८० हजार वेळा. शाफ्ट तुटत नाही, पण स्प्लाइन घासतात, बेअरिंगवर आडवा भार येतो, सीलची ओठाची कड एका बाजूने झिजते. आमच्या गाडीत नेमकं हेच तिन्ही झालं होतं. त्यात चढावर पुढे ओढणारा टॉर्क आणि उतारावर रिजनचा, म्हणजे मोटारच ब्रेक होऊन वीज परत भरते त्याचा, उलटा टॉर्क, दर पाच मिनिटांनी. की आपल्या खाचेत एकदा या भिंतीला, एकदा त्या भिंतीला.

मेलेला ब्लॉक

कराडच्या माणसाकडे इंजिन परत मागण्यात अर्थ नव्हता, ते त्याच्या गाडीत बसलंही होतं. मिस्त्रींनीच मार्ग सांगितला. चालू इंजिन नको, ब्लॉक पाहिजे, त्यात क्रॅन्क पाहिजे, डॉवेल शाबूत पाहिजेत. बाकी फुटलेलं चालेल. जिप्सीची कामं करणाऱ्या एका गॅरेजच्या मागच्या अंगणात तसा ब्लॉक सापडला, पाण्याच्या जागेला तडा गेलेला, वर कोंबडी बसलेली. तो विकायला तयार नव्हता. पंधरा दिवसांसाठी भाड्याने दिला. गंजलेल्या ब्लॉकचं भाडं देणारा मी पहिलाच असेन.

ब्लॉक तोंड वर करून बाकावर उभा केला. मेन बेअरिंगला नवं तेल, क्रॅन्क हाताने अलगद फिरेल असा. क्रॅन्कच्या फ्लॅंजवर मॅग्नेट बेस, त्यावर डायल, म्हणजे मिलिमीटरचे शतांश दाखवणारं काट्याचं मापयंत्र. क्रॅन्क आता आमचा स्पिंडल झाला, कारखान्याने बोअर केलेल्या लाइनवरचा. आधी माझी जुनी प्लेट डॉवेलवर बसवून बघितली. डायलचं टोक मोटार बसते त्या भोकाच्या आतल्या भिंतीला लावलं आणि क्रॅन्क हाताने एक फेरा फिरवला. काटा शून्यावरून निघाला, चढत गेला, पलीकडच्या बाजूला ०.६२ पर्यंत पोहोचला आणि परत शून्यावर आला.

डायल दाखवते तो आकडा फरकाच्या दुप्पट असतो, कारण एका बाजूला ती तेवढी आत जाते आणि समोरच्या बाजूला तेवढीच बाहेर येते. म्हणजे माझा सेंटर ०.३१ मिलिमीटरने चुकला होता. बेल हाउसिंगच्या बाबतीत गॅरेजातला रूढ नियम असा की पूर्ण फेऱ्यात काटा दहा थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे पाव मिलिमीटरच्या वर जाता कामा नये. मी अडीच पट बाहेर होतो. हबचं वेगळं. तो लेथवर चढवून पाहिला तेव्हा वेल्डिंगने ओढल्यामुळे स्प्लाइनचं तोंड आणखी ०.२ ने डोलत होतं. दोन चुका एकमेकींना कधी साथ देत, कधी छेद देत. त्यातून ती घुं निघत होती.

नवी रचना दोन तुकड्यांची केली, आणि मला वाटतं यातली सगळ्यात शहाणी गोष्ट हीच. एक प्लेट बेल हाउसिंगची, डॉवेलची भोकं रीमर मारून (नेमक्या मापाची करून) घट्ट, मधलं भोक मुद्दाम मोठं. दुसरी रिंग मोटारीची, मोटारीच्या तोंडावरच्या कॉलरला नेमकी बसणारी. रिंग प्लेटवर बोल्टांनी, पण बोल्टांची भोकं मिलिमीटरभर सैल. प्लेट ब्लॉकवर डॉवेलमध्ये बसवली, रिंग तिच्यावर बोटांनी आवळली, डायल क्रॅन्कवरून रिंगच्या बोअरमध्ये. मग मिस्त्री स्टुलावर बसले आणि तांब्याच्या हातोडीने रिंगला टिचकी मारायला लागले. फिरव, बघ, टिचकी. फिरव, बघ, टिचकी. ०.६० वरून ०.२५ झटकन आलं. ०.२५ पासून ०.१० ला वीस मिनिटं लागली. ०.०४ ला काटा आला तेव्हा बाकावरच्या चहावर साय धरली होती. "आता हात लावू नका," म्हणाले. बोल्ट तिरपे-समोरासमोर क्रमाने आवळले, पुन्हा डायल फिरवली, ०.०५. तशीच जोडी ब्लॉकवर असतानाच रिंग आणि प्लेट यांतून आरपार दोन भोकं पाडून रीम केली आणि डॉवेल पिन ठोकल्या. आता उतरवून शंभरदा जोडली तरी ती त्याच जागी बसणार.

हब नव्याने केला, ईएन-८ पोलादाचा, वेल्डिंगशिवाय. एका टोकाला टेपर लॉक बुश, म्हणजे शाफ्टला आवळणारी निमुळती पकड. ग्रब स्क्रू शाफ्टला एका बाजूने ढकलतो, टेपर चारी बाजूंनी सारखा दाबतो, त्यामुळे कीवर एकटीवर भार राहत नाही. दुसऱ्या टोकाला फ्लॅंज, क्रॅन्कच्या फ्लॅंजची हुबेहूब नक्कल, आणि मधोमध पायलट बेअरिंगचं घर. टेपर, फ्लॅंजचं तोंड, फ्लायव्हील बसण्याची कॉलर आणि पायलटचा बोअर या चारही गोष्टी मिस्त्रींनी चकमधून जॉब न सोडता एकाच सेटिंगमध्ये काढल्या. दोन तास लेथपाशी कोणाला बोलू दिलं नाही. "चकमधनं जॉब सुटला की सेंटर गेला. मग मोजत बसा," हे त्यांचं म्हणणं.

आणि हो, क्लच परत आला. फ्लायव्हीलही. स्टार्टरचा दात्यांचा रिंग गिअर काढून ती हलकी केली, प्रेशर प्लेट बांधून बॅलन्स करून घेतली. क्लच आणला तो गिअर बदलण्यासाठी नव्हे. क्लच प्लेटच्या मध्यावर ज्या स्प्रिंगा असतात त्यांच्यासाठी आणला. एसी मोटार उभ्या जागेवर पूर्ण टॉर्क देते आणि रिजनला तोच उलटा करते. तो झटका गिळायला या स्प्रिंगांइतकी स्वस्त वस्तू नाही. शिवाय ड्रायव्हरच्या डाव्या पायाला पुन्हा काम मिळालं, त्याचा चेहरा खुलला. क्लच दाबल्यावर मोटारीच्या शाफ्टवर पुढच्या दिशेने दाब येतो आणि मोटारीची साधी बॉल बेअरिंगं तशा दाबासाठी नसतात, म्हणून त्याला सांगितलंय की सिग्नलला थांबल्यासारखा क्लच दाबून उभा राहू नको. सिग्नल रानात नाही, पण सवय आहे.

बाकीचं, थोडक्यात

पहिल्या वेळी मोटार बेल हाउसिंगला लटकत होती. ५२ किलो वजन एका बाजूने. आता मोटारीच्या मागच्या टोकाला एक पाळणा आहे. तो इंजिनाच्याच जुन्या दोन रबरी माउंटिंगवर टेकतो. पाळणा शेवटी आवळला, मोटार आणि गिअरबॉक्स पूर्ण जोडल्यावर, आणि खाली जिथे फट राहिली तिथे शिम, म्हणजे पातळ पत्र्याचे तुकडे, घातले. पाळणा आधी आवळला असता तर तोच जोडाला ओढून वाकडा करता, आणि डायलवरचे सगळे कष्ट वाया.

बॅटरी ३० एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेलची, १०० अँपिअर-अवरची, ९.६ युनिटची. अर्धी पेट्रोल टाकीच्या जागी, अर्धी बॉनेटखाली, कारण सगळी मागे टाकली तर चढावर पुढची चाकं हलकी होतात. चढावर २०० अँपिअरच्या घरात करंट जातो. ६० व्होल्टच्या वरचा डीसी धोक्याच्या वर्गात मोडतो आणि डीसीचा आर्क एसीसारखा आपोआप विझत नाही, त्यामुळे फ्यूज आणि कॉन्टॅक्टर (विजेवर चालणारा मोठा स्विच) दोन्ही डीसीचे, आणि बॅटरीची ऋण बाजू चेसिसला जोडलेली नाही. ब्रेकच्या बूस्टरला पूर्वी इंजिनाचा व्हॅक्यूम मिळायचा, आता विजेवरचा छोटा पंप देतो. त्याचा टरटर आवाज मालकांना अजून खटकतो. कंट्रोलरमध्ये टॉर्क चढण्याचा वेळ ०.२ सेकंदांवरून ०.८ केला. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

पैशांचं बोलायचं तर पहिली प्लेट आणि हब मिळून १४ हजार. दुसरा जोड, ब्लॉकचं भाडं, गिअरबॉक्सची बेअरिंगं, इनपुट शाफ्ट आणि सील धरून ३८ हजार. त्यातले मालकांकडून मी फक्त बेअरिंगांचे घेतले. पुठ्ठ्यावरून सेंटर काढणारा मीच होतो.

अकरा महिन्यांनी

या पावसाळ्याआधी खालचं झाकण पुन्हा उघडलं. दहा हजारांच्या जवळ किलोमीटर झाले होते. आत काळी धूळ होती, क्लचची, जी कोणत्याही गाडीत असते. तांबूस काही नाही. सील कोरडं. पायलट बेअरिंग बदलायला म्हणून काढलं आणि बोटात फिरवून परत तेच बसवलं. अठराशेला घुं येत नाही.

पण इंजिन गेल्याने आता दुसरंच ऐकू येतं. ट्रान्सफर केसची शिट्टी. ती गेली वीस वर्षं वाजतच होती, इंजिनाखाली झाकली होती. दर आठवड्याला एखादा पाहुणा वर पोहोचल्यावर मालकांना कोपऱ्यात घेऊन हळूच सांगतो की तुमच्या गाडीत काहीतरी बिघाड आहे, दाखवून घ्या. मालक ते मला फोन करून सांगतात. मी तेलाची ग्रेड बदलून पाहिली, फरक पडला नाही. पुढचा प्रयोग रबरी कपलिंगचा आहे. त्यासाठी तो आखूड प्रॉपेलर शाफ्ट काढून उद्यमनगरात नेलाय. मिस्त्रींनी तो लेथवर दोन टोकांत धरला, डायल लावली आणि पहिला प्रश्न विचारला, "ह्याचा जुना काय ठेवलाय का इकला?"